घेतलेलं नाव

उदाराम काकाजींचा आवाज आधी यायचा, मग ते यायचे. कुडव्याच्या चौकात माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड, रेल्वेची तिकिटं, सगळं एका खोलीत. समोरच्या पानठेल्यावर काकाजी कोणाशी बोलायला लागले की माझ्यापुढे बसलेलं गिऱ्हाईक आपला आधार नंबर सांगता सांगता थांबायचं आणि बाहेर बघायचं. "एक कट चाय सांग गा" एवढंच ते म्हणालेले असायचे, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, आता कोणाचं तरी बक्षीस जाहीर होणार.

यात त्यांचा दोष नव्हता. माणसाची सारी उमर माईकपुढे गेली होती. 'देवका साऊंड सर्व्हिस' हे त्यांचं दुकान. नाव बायकोचं, म्हणजे देवकाबाईंचं, ज्यांना त्या आवाजाचा सगळ्यात जास्त त्रास झाला. लग्न, तेरवी, भागवत, निवडणूक, कुठेही त्यांचे भोंगे लागायचे. पण खरा सीझन मंडईचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीचा नाच, आणि मग रात्रभर नाटक. लेकी-जावई येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. नाटकाच्या दोन अंकांच्या मध्ये पडदा पडला की काकाजी माईक हातात घ्यायचे. मंडपाला बांबू कोणी दिले, ताडपत्री कोणाची, कलावंतांच्या चहाचं दूध कोणाच्या घरचं, एकेकाचं नाव, गाव, बापाचं नाव, अगदी सावकाश. नाटकातला नायक मरत असताना शेंगा खाणारी माणसं तेव्हा शेंगा खायची थांबायची. आपलं नाव येईपर्यंत कोणी जागचं हलत नसे.

एका वर्षी छोटेलालचं नाव राहिलं. छोटेलाल म्हणजे काकाजींचा शाळेतला दोस्त, मंडपाचे बांबू त्याने आपल्या बेटातून तोडून दिले होते. काकाजी बोलायच्या ओघात पुढे गेले, पडदा उघडला, नाव राहून गेलं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला ते त्याच्या घरी गेले तर छोटेलाल परसदारी निघून गेला. तो पुढे मंडईला कधी आला नाही, काकाजींच्या मुलाच्या, टिंकूच्या, लग्नालाही आला नाही. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकला आहे की छोटेलालला न बघताही मला त्याचा राग येतो. बांबू दिले म्हणून माणूस इतकं रुसतो का? पण काकाजींसमोर असं बोलायची सोय नव्हती. "ज्यानं दिला त्याचा नाव घ्याव लागते, रचना," ते म्हणायचे. "अना घेतला नाव मांगे घ्याव नाही लागत." त्यांचा धर्म एवढाच होता.

मग डीजे आले. टिंकूने भोंगे भंगारात दिले आणि तो मोबाइल दुरुस्त करायला शिकला. देवकाबाई तर त्याआधीच गेल्या होत्या. घरात ऐकायला कोणी नाही आणि चौकात माझं दुकान, तेव्हा काकाजी सकाळपासून माझ्याकडे. वर्तमानपत्र वाचायचे, तेही मोठ्याने.

एकदा म्हणाले, "पाह्य वो, आमच्या गावाचा काही येते का यात." त्यांचं गाव दरेकशाच्या अलीकडे, जंगलाला लागून. मी शोधलं. इंटरनेटवर तो एक ज्ञानकोश आहे ना, जगभरातली माणसं आपापल्या भाषेत मिळून लिहितात, त्याच्या मराठी भागात त्यांच्या गावाचं पान निघालं. पानावर एकच ओळ होती : हे गोंदिया जिल्ह्यातील एक गाव आहे.

"एक गाव आहे?" काकाजी ओरडले. "मंग काय, दोन रायतेत? कोनं लिवला हे?"

मी सांगितलं की हे कोणीही लिहू शकतं. खातं उघडायचं, सदस्य व्हायचं, लिहायचं. त्यांना ते खरंच वाटेना. कोणीबी? कोणीही. विचारायचं नाही? नाही विचारायचं. ते बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाला बिनमालकाचा माईक सापडला आहे.

अडचण टायपिंगची होती. ती सोडवली कैलाशने. कैलाश आमच्या कुडव्याचाच, नागपुरात इंजिनिअर झाला, दोन नोकऱ्या करून परत आला आणि माझ्या दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेऊन त्यात एक सॉफ्टवेअर बनवत बसला. आपण मराठी बोलायचं, ते टाइप करणार. नाव 'बोलपाटी'. कोर्ट-कचेरीत, दवाखान्यात, वर्तमानपत्रांत विकायचं असा त्याचा बेत होता. पोरगा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याने बोलपाटी माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर काकाजींच्या नावाने टाकून दिली. "काकाजी, आपको फ्री. आप बस बोलते रहो, मशीन सीखती रहेगी," म्हणाला. आणि खरंच, सुरुवातीला काकाजींनी "बोडी", म्हणजे गावचं तळं, म्हटलं की ते यंत्र "बोर्डी" लिहायचं. काकाजी त्याला रागवायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा सांगायचे. काही महिन्यांत ते झाडीतले, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीतले, शब्द घडाघडा लिहायला लागलं. कोणी कोणाला काय दिलं याचा हिशोब कैलाशने कधी केला नाही. काकाजींनी मात्र केला, आणि तो स्वतःच्या विरुद्ध केला.

त्यांनी पानं लिहायला घेतली. आपलं गाव, शेजारचं गाव, बोड्या, देवस्थानं, दंडारीची मंडळं, जुने वादक. गावातलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं आणि बोलायला ते कधी थकत नसत. प्रत्येक पानाच्या शेवटी एक ओळ यायची : 'हे पान बोलपाटी या सॉफ्टवेअरवर बोलून लिहिले आहे. सौजन्य : कैलाश, कुडवा, गोंदिया.' आणि खाली बोलपाटीच्या वेबसाइटचा पत्ता.

मी हसले. म्हटलं, "काकाजी, हे मंडईचं स्टेज आहे का?"

"माईक ज्याचा त्याचा नाव नको घेऊ?"

"कंपनीची जाहिरात वाटते ती."

"वाटू दे. घेतल्याशिवाय मले झोप नाही लागत."

याच दिवसांत त्यांनी शामकलाबाईंचा विषय काढला.

शामकलाबाई नागऱ्याला राहतात, म्हणजे राहायच्या, देवळाच्या मागच्या गल्लीत, भाची दुर्गेश्वरीच्या घरी. तरुणपणी त्या झाडीच्या नाटकांत काम करायच्या. नायिका. ज्या काळात बाईचं काम पुरुषच करायचे त्या काळाच्या जरा पुढचा काळ, पण घरची बाई स्टेजवर जाते हे अजून सोसत नव्हतं. घरच्यांनी अट घातली की हँडबिलावर नाव येता कामा नये. नाटक मंडळालाही ते बरंच पडलं, कारण बाहेरची नटी म्हटलं की गर्दी होते. म्हणून छापलं जायचं, 'नागपूरची सुप्रसिद्ध तारका' आणि पुढे कुठलं तरी फिल्मी नाव, दर वर्षी वेगळं. शामकलाबाईंनी सारी जवानी दुसऱ्यांच्या नावाने रडून काढली. फक्त एक माणूस पडदा पडल्यावर माईक घ्यायचा आणि सांगायचा, "आजच्या खेळातील नायिका आपल्याच झाडीच्या शामकलाबाई!" मंडळवाले त्यांच्यावर चिडायचे. पुढच्या गावाला काकाजी पुन्हा तेच करायचे.

मी त्यांना स्कूटीवर बसवून नागऱ्याला नेलं. बाई खाटेवर बसल्या होत्या, दम्याने वाकलेल्या, पण डोळ्यांत काजळ होतं. काकाजींनी ज्ञानकोश म्हणजे काय ते समजावून सांगितलं. गल्लीतल्या सगळ्यांनाच समजलं असेल.

"तुनं भोंग्यावर घेतला नाव," त्या म्हणाल्या. "थो हवेत गेला. कागदावर माझा नाव कोठीच नाही, उदाराम. रेशन कार्ड सोडून."

"हे कागदापेक्षा मोठा आहे. साऱ्या दुनियेले दिसते."

"मले दिसते का?"

"तुले पयले दाखवतो."

"मंडईच्या आधी दाखव," बाई म्हणाल्या. "मंग माझा काही भरवसा नाही."

काकाजींनी ते पान लिहिलं तसं दुसरं कुठलंच लिहिलं नाही. आवाज न चढवता, थांबत थांबत. मी बाजूला गॅस सबसिडीचे फॉर्म भरत होते आणि माझा हात दोनदा थांबला. शेवटी बोलपाटीची ओळ होतीच.

दुसऱ्या दिवशी पानाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी आली. 'या पानातील माहितीला संदर्भ हवा.' लावणारी सदस्य 'कोरांटी'. ती कोण, कुठली, आम्हाला कधीच कळलं नाही. ज्ञानकोशात प्रत्येक पानाच्या मागे एक चर्चेचं पान असतं, तिथे काकाजींनी उत्तर दिलं : 'मी स्वतः पडद्याजवळ उभा राहून त्यांचे काम पाहिले आहे. माझ्यापेक्षा मोठा संदर्भ कोणता?' कोरांटीने लिहिलं : 'आपण पाहिले आहे यावर माझा विश्वास आहे. पण इथे काहीतरी छापील लागते. एखाद्या वर्तमानपत्रात, पुस्तकात, स्मरणिकेत त्यांचे नाव आले आहे का? पान सुंदर आहे. मी ते तूर्त राहू देते, आपण शोधा.'

छापील! जिचं नाव छापायचंच नाही म्हणून सगळं केलं, तिचं छापील कुठून आणायचं? मला त्या कोरांटीचा तेव्हा भयंकर राग आला होता. आता येत नाही. नियम तिने बनवला नव्हता, आणि आमच्याशी नीट बोलणारी तीच एक होती.

मी म्हटलं, "काकाजी, चला, आज दाखवून येऊ. मोबाइलवर उघडते."

"वर पट्टी आहे ना."

"असू द्या. त्यांना काय कळते?"

"दुर्गेश्वरी वाचून सांगन ना तिले. जिंदगीत पयल्यांदा नाव लिवला अना वर लिवला का खरं आहे का नाही मालूम नाही? असा नाही दाखवनार मी." पट्टी निघाल्यावर दाखवू, असं ठरलं. त्यांनी ठरवलं, मी ऐकलं. त्यांचं मी नेहमीच ऐकायची.

आणि मग कैलाश खाली आला. बोलपाटी चालायला लागली होती. त्याच्या जाहिरातीत तो 'ज्ञानकोशातील शेकडो पाने बोलपाटीवर' असं टाकायचा, खाली काकाजींच्या पानांचे फोटो. आता त्याला बोलपाटीचंच स्वतंत्र पान हवं होतं. "काकाजी, आप लिखोगे तो टिकेगा. मैं लिखूंगा तो उडा देंगे." काकाजींना यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. प्रत्येक पानाखाली ज्याचं नाव घेतलं, त्याचं आता एक आख्खं पान. ते माईकपुढे बसले आणि सुरू झाले : 'समस्त महाराष्ट्रातील मायबाप जनतेच्या पसंतीस उतरलेले, गोंदियाच्या मातीतले, सर्वांत जलद आणि सर्वांत स्वस्त असे बोलपाटी हे सॉफ्टवेअर...'

संध्याकाळपर्यंत लाल पट्टी लागली. 'हे पान म्हणजे जाहिरात आहे. वगळावे.'

काकाजींनी चर्चेच्या पानावर भांडण सुरू केलं. माईकवरचीच भाषा. 'माननीय प्रचालक महोदय, आपण कोणत्या गावचे आहात? आमच्या गोंदियाच्या पोराने काही केले तर ती जाहिरात, आणि परदेशी कंपन्यांची पाने आहेत ती काय आहेत?' मला मनातून हा मुद्दा पटला होता. प्रचालक म्हणजे पानं वगळायचा आणि खाती बंद करायचा अधिकार असलेले सदस्य. त्यांच्यापैकी एकाने शांतपणे उत्तर दिलं की त्या पानांना बाहेरचे संदर्भ आहेत, याला नाहीत. तेवढ्यात वरच्या खोलीतून कैलाशने घाण केली. नवी नवी खाती उघडून त्याने तिथे लिहून टाकलं, 'उत्तम सॉफ्टवेअर, पान राहू द्यावे', 'मी रोज वापरतो', 'अभिमान वाटतो'. सगळ्यांची भाषा एक, चुका पण एक. तिथले लोक बिनडोक नव्हते. त्यांनी शोधायला सुरुवात केली आणि त्यांना काकाजींच्या प्रत्येक पानाखाली ती सौजन्याची ओळ सापडली. प्रत्येक पानावर एकाच कंपनीचा पत्ता.

प्रचालकाने काकाजींना सरळ विचारलं : 'या सॉफ्टवेअरच्या मालकाशी आपला काय संबंध आहे? आपल्याला त्याच्याकडून काही मिळाले आहे का?'

काकाजींचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता, असं त्यांना वाटलं. त्यांनी बोलून घेतलं आणि मी वाचलं : 'होय. श्री. कैलाश यांनी मला हे सॉफ्टवेअर विनामूल्य दिले आहे. म्हणूनच मी प्रत्येक पानावर त्यांचे नाव घेतो. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव न घेणे हा कृतघ्नपणा होईल आणि तो माझ्याने होणार नाही.'

"काकाजी, हे नका पाठवू," मी म्हटलं. "त्यांच्या भाषेत ही लाच होते."

"खोटा आहे का यात काही?"

"खोटं काहीच नाही."

"मंग पाठव."

त्यांना वाटलं, आता सगळं मिटेल. प्रामाणिक माणूस आहे हे त्या लोकांना कळेल. तिकडे ते उत्तर कबुलीजबाब म्हणून वाचलं गेलं. मोबदला घेऊन शेकडो पानांवर कंपनीचा प्रचार करणारा सदस्य, असं त्यांच्या नावापुढे लिहिलं गेलं. तरीही दार पुरतं बंद केलं नव्हतं. प्रचालकाने लिहिलं की दिलेल्या मुदतीत सौजन्याच्या सगळ्या ओळी आपण स्वतः काढल्या आणि बोलपाटीचं पान सोडून दिलं, तर बाकीची पानं एकेक तपासून ठेवता येतील. कोरांटीने वेगळा निरोप टाकला : 'निदान शामकलाबाईंच्या पानासाठी तरी ती ओळ काढा. मी विनंती करते.'

मी तो निरोप त्यांना दोनदा वाचून दाखवला. बाहेर ऑटोवाले भांडत होते, एरवी काकाजी उठून मध्ये पडले असते.

"कैलाशचा नाव पुसू?" शेवटी म्हणाले. "थो वरच्या खोलीत बसून राहिला अना मी खाली त्याचा नाव पुसू? छोटेलालच्या वेळेसारखा होईन ना मंग."

"अन् शामकलाबाई?"

"तिचा पान कोन काढते? त्यात काय जाहिरात आहे? इतके आंधरे नसन ते लोक."

ते आंधळे नव्हते, पण त्यांच्यापुढे पानांचा ढीग होता. मुदत उलटली आणि काकाजींचं खातं बंद झालं. ज्या ज्या पानाखाली ती ओळ होती आणि वर संदर्भ नव्हता, ती सगळी पानं एका झटक्यात गेली. दरेकशाकडचं त्यांचं गाव पुन्हा 'एक गाव आहे' एवढंच उरलं. शामकलाबाईंच्या नावावर क्लिक केलं तर एक करड्या रंगाची चौकट यायची, या नावाचे पान वगळण्यात आले आहे.

मला आजही दोघांचा राग येतो. जे लोक इतकं वाचतात त्यांना एवढं वाचता आलं नाही? आणि हा म्हातारा, ज्याने सारी उमर लोकांची नावं घेण्यात घालवली, त्याला कोणतं नाव आधी घ्यायचं एवढं कळलं नाही?

त्यानंतर काकाजी काही दिवस आले नाहीत. आले ते म्हणाले, "कैलाशकडे चाल. त्याच्या तोंडून ऐकतो. थो हो म्हनला तर काढतो." कैलाश तोवर वरची खोली सोडून गोंदियात, मेन रोडवर, काचेच्या दाराच्या ऑफिसात गेला होता. तो उठून पाया पडला, त्याने चहा मागवला. काकाजींनी सगळी गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून, परवानगी मागायला आलेल्या माणसासारखी.

कैलाश हसला. "अरे काकाजी, वो लाइन? हटा दो ना! मले काय फरक पडते? बोलपाटी आता आहेच कुठी? पुण्याच्या एका कंपनीनं घेतली. नाव बी बदलवून राहिले ते."

"नाव बदलवला?"

"मार्केटिंगवाले बोलते, गावठी वाटते म्हणून."

काकाजींनी चहा खाली ठेवला. "अना मी जे बोललो त्यात... माझा आवाज?"

"थो तर मशीनमध्ये गेला ना काकाजी. ट्रेनिंगमध्ये." कैलाशने हे प्रेमाने सांगितलं. त्याला खरंच वाटत होतं की ही आनंदाची गोष्ट आहे.

कुडव्याला दुकानात परत आल्यावर काकाजी म्हणाले, "लिव. काढतो म्हनून लिव. तुझ्या हातानं लिव, त्या मशीनवर नको." मी माझ्या खात्यावरून कोरांटीला सगळं लिहिलं. तिचं उत्तर लवकर आलं. बाकीच्या पानांना वेळ लागेल, म्हणाली, अर्ज करावा लागेल. पण शामकलाबाईंचं पान ती स्वतः परत मागू शकत होती. फक्त एक छापील संदर्भ द्या, कितीही छोटा असू द्या.

आम्ही जुनी हँडबिलं शोधायला लागलो, आणि त्याच आठवड्यात दुर्गेश्वरीचा फोन आला. शामकलाबाईंनी तिला विचारून विचारून भंडावलं होतं, उदारामनं लिवला का, पाह्य ना. मग तिने तिच्या मोबाइलवर शोधलं होतं. करड्या चौकटीत जे लिहिलं होतं ते तिने मावशीला वाचून दाखवलं. बिचारीला दुसरं काय करता येणार होतं?

काकाजी नागऱ्याला गेले. मी बरोबर होते. बाई खाटेवर आडव्या होत्या, काजळ नव्हतं.

"हे बी मंडळच व्हय का, उदाराम?" त्यांनी विचारलं. "यांनी बी नाव काढला?"

काकाजी खाली पाटावर बसले. त्यांनी काही लपवलं नाही. कैलाश, बोलपाटी, सौजन्याची ओळ, सगळं सांगितलं. म्हणाले, त्याचा नाव पुसाव लागत होता, मी नाही म्हनलो, म्हनून तुझा गेला.

बाईंना दम लागत होता. त्या विचारात पडल्यासारख्या दिसल्या.

"कोन कैलाश?" त्या म्हणाल्या. "थो नाटकात होता का?"

दुर्गेश्वरीने चहा आणला. आम्ही तो पिऊन निघालो. बाईंनी नंतर विषय काढला नाही, काकाजींना फक्त म्हणाल्या, सांभाळून जा, रस्त्यावर गिट्टी पडली आहे.

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

काकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राच्या गोंदियाच्या कार्यालयात जाऊन बसले. निधन वार्ता द्यायची होती. मी फोटो घेऊन मागून पोचले. तिथल्या मुलीने विचारलं, खाली शोकाकुल म्हणून कोणाकोणाची नावं टाकू? दुर्गेश्वरीचं टाका, म्हणाले. अजून कोणाचं? तुमचं? काकाजींनी मान हलवली. "बस. बाईचा नाव मोठ्या अक्षरात टाका. बाकी कोनाचा नको." झाडीच्या नाटकांतल्या नायिका, असं एक वाक्य त्यात घ्यायला लावलं. ती मुलगी म्हणाली, जागा नाही. काकाजी तिथे इतका वेळ बसून राहिले की जागा झाली.

छापून आल्यावर मी ते कात्रण स्कॅन करून कोरांटीला पाठवलं. तिने पान परत आणलं. पहिल्यासारखं नाही, काकाजींनी सांगितलेलं पडद्यामागचं सगळं तिला काढावं लागलं होतं, कारण त्याला आधार नव्हता. उरल्या त्या तीन-चार ओळी. नाव, गाव, झाडीच्या नाटकांत नायिकेची कामे. खाली संदर्भ म्हणून त्या वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख, आणि पुढे 'निधन वार्ता'. सौजन्याची ओळ अर्थातच नव्हती.

काकाजी चष्मा लावून स्क्रीनपुढे बसले. मी खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली. त्यांनी ते वाचलं, नेहमीसारखं मोठ्याने नाही, ओठ हलवत. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा वर गेले, पट्टी आहे का बघायला. पट्टी नव्हती.

"आता झाला दाखवासारखा," ते म्हणाले.

इतकं हळू बोलले की बाजूला रेशन कार्डाचं काम घेऊन बसलेल्या बाईने मला विचारलं, काय म्हणून राहिले काकाजी? मी म्हटलं, काही नाही, आणि तिचा आधार नंबर मागितला.